वारीत पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताना

ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागला की ओळखीतली दोन-चार तरुण मुलं-मुली हमखास विचारतात, "यंदा वारीचे फोटो काढायचेत, कुठे उभं राहू?" मी त्यांना उलट विचारतो, "किती दिवस चालणार आहेस?" बहुतेकांचा बेत एका दिवसाचा असतो. पहाटे गाडीने दिवे घाट गाठायचा, दुपारपर्यंत कार्ड भरायचं, संध्याकाळी घरी. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. घाटाच्या वळणावर एका दगडावर उभा राहून खालून वर येणारी माणसांची नदी टिपत होतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी माझ्यापाशी घोटभर पाणी प्यायला थांबल्या आणि म्हणाल्या, "नुसताच फोटू काढतोस व्हय? चार पावलं चाल की आमच्यासंगं."

मी सासवडपर्यंत चाललो. त्या वाटेवर काढलेले अकरा फोटो आजही माझ्या खोलीत लावलेले आहेत. वळणावरून काढलेल्या शेकडो फोटोंपैकी एकही नाही.

वारीतलं देखणेपण टिपावं आणि ते टिपताना आपल्या आतही काही हलावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कॅमेरा महागडा नसला तरी चालेल, चांगला मोबाईलही पुरतो. निदान तीन दिवस मात्र काढाच.

कुठला टप्पा निवडायचा

तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, माउलींची अष्टमीला आळंदीहून. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि तिथून वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा जातात. तुकोबा लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज या वाटेने. शेवटी वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या भेटतात आणि तिथून पंढरपूर. तिथी मराठी असल्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात, आणि अधिक महिना आला तर सगळं पुढे सरकतं. म्हणून रजा टाकण्याआधी पंचांग बघा आणि संस्थानांनी जाहीर केलेलं मुक्कामांचं वेळापत्रक मिळवा.

नवख्याने पुणे ते सासवड हा टप्पा निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर ती तीसेक किलोमीटरची, घाटाची चाल आहे. दुसरं म्हणजे त्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी एवढी असते की तुमच्या चौकटीत वारकऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त येतात. रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात ते दृश्य देखणं आहे, पण ते पुढच्या वर्षी बघा.

लोणंद ते फलटण हे दिवस पहिल्या खेपेला उत्तम. चाल तुलनेने बेताची, रस्ता सपाट, शहर मागे पडलेलं. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब इथे माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन सरळ रांगांमधून अश्व धावतात. तुकोबांच्या वाटेवर जायचं असेल तर काटेवाडी ते इंदापूर घ्या. काटेवाडीत पालखीसाठी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला गोल रिंगण. मेंढपाळ आपली मेंढरं रथाभोवती धावडवतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी लगबग आणि जो अभिमान असतो तो मला फार सुंदर वाटतो.

राहण्याजेवण्याची सोय आधी लावा. एखाद्या दिंडीची ओळख काढून भिशी (दिंडीतल्या राहण्याजेवण्याची वर्गणी) भरलीत की जेवण आणि तंबूत पाठ टेकायला जागा मिळते. हॉटेलात उतरून रोज गाडीने ये-जा करता येते, पण मग पहाटे तीनचा काकडा, पाण्याच्या टँकरपाशी कुडकुडत केलेली अंघोळ, ट्रकवर चढणाऱ्या वळकट्या, कंदिलाच्या जागी आता आलेल्या बॅटरीच्या उजेडात गंध लावून घेणारी माणसं, हे सगळं तुमच्यापासून लपून राहतं. दिवसाचा अर्धा जीव त्या अंधारात असतो.

पिशवीत काय

कमी. एक कॅमेरा, एकच भिंग, शक्यतो माणसाच्या नजरेइतकं रुंद दाखवणारं (३५ किंवा ५० मिलिमीटर). लांब पल्ल्याचं भिंग घरी ठेवा. त्याने दूर उभं राहायची सवय लागते, आणि इथे दूर राहिलात की काही हाती लागत नाही. जादा बॅटरी, पॉवर बँक, दोन मेमरी कार्डं. जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड: पिशवीला भोक पाडून भिंगाचं तोंड बाहेर काढलं की पावसाची सोय झाली. सुती कापडाचे तीन-चार तुकडे. हवा मारायचा छोटा रबरी फुगा, त्याचं कारण पुढे येईल. एक वही आणि पेन, हे विसरू नका.

पायात वापरलेले, रुळलेले बूट किंवा चपला. नवे बूट घालून आलेला फोटोग्राफर दुसऱ्या दिवशी फक्त स्वतःच्या पायांकडे बघत असतो.

पहिला दिवस कॅमेरा पिशवीतच

हे ऐकून सगळे हिरमुसतात. तरी करा. सकाळी दिंडीबरोबर निघा आणि दुपारच्या विसाव्यापर्यंत कॅमेरा बाहेर काढू नका.

त्या चार-पाच तासांत तुम्हाला दिंडीची रचना कळते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, मागे तुळशी आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकीला नंबर असतो, आणि 'रथामागे अमुक नंबर' हा वारीतला पत्ता. रांग तोडून आडवं जायचं नसतं. पलीकडे जायचं असेल तर दोन दिंड्यांमधली मोकळी जागा येईपर्यंत थांबायचं. हे न कळलेला माणूस कॅमेरा डोळ्याला लावून रांगेत घुसतो, टाळकऱ्यांची पावली चुकते, आणि त्या माणसाच्या फोटोत चुकलेली पावली आणि कपाळावरच्या आठ्याच येतात.

चालताना दुसरीही एक गोष्ट होते. भजनाची लय आधी पायांत उतरते. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' या गजराला एक चाल आहे, आणि तासाभराने आपण त्या चालीवर श्वास घेतोय हे लक्षात येतं. दुपारी कॅमेरा काढाल तेव्हा बोट आपोआप त्या लयीवर दाबलं जाईल. पाय उचललेला, टाळ उघडे, मान किंचित कललेली, हा क्षण कधी येणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल. ही गोष्ट काठावर उभं राहून शिकता येत नाही, निदान मला तरी आली नाही.

वारकरी भजनात 'जय जय रामकृष्ण हरी' झालं की रूपाचा अभंग येतो. डोळ्यांनी पाहिलेलं रूप आणि त्या पाहण्याचं सुख हाच त्याचा विषय. मी फोटोग्राफर म्हणून वारीत गेलो तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तीन आठवडे ही माणसं कशासाठी चालतात? विटेवरच्या एका मूर्तीला डोळे भरून पाहण्यासाठी. त्यातल्या कित्येकांना गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही, ते कळसाला हात जोडतात आणि समाधानाने मागे फिरतात. पाहण्याला एवढी किंमत देणाऱ्या माणसांमध्ये आपण पाहायचं यंत्र गळ्यात अडकवून फिरत असतो. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे मी पाहिलं का, की फक्त दिसलं म्हणून टिपतोय?

विचारायचं कसं

वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. लहानथोर, बाई-पुरुष, पोलीस, दुकानदार, सगळे. तुम्हीही म्हणा, पण कामापुरतं म्हणू नका. 'माउली, जरा इकडे बघा' असं ओरडून फोटो काढणारे खूप भेटतात, आणि वारकरी बिचारे बघतातही. तसे फोटो करू नका.

आधी बसा. दुपारच्या विसाव्याला झाडाखाली माणसं टेकलेली असतात. कोणी पाय चेपतंय, कोणी तंबाखू मळतंय, कोणी भाकरीचं फडकं सोडतंय. जवळ जाऊन टेकायचं आणि विचारायचं, "माउली, कुठलं गाव?" मग बोलणं आपोआप पेरणीवर जातं.

"पेरून आलात का?"

"कुठली पेरणी! पाऊसच न्हाई. मालकिणीला म्हणलं, आल्यावर बघू. त्यो बघतोय वरून."

"आणि तोवर?"

"तोवर चालायचं."

असं दहा मिनिटं बोलल्यावर कॅमेरा दाखवून विचारा, "एक फोटो काढू का?" आता समोरचा तुम्हाला ओळखतो. कित्येक जण ताठ बसतात, टोपी सारखी करतात, पदर डोक्यावर घेतात. घेऊ द्या. तो ताठ फोटोही काढा, कारण त्यांना स्वतःला तसंच बघायचं असतं. मग थोडा वेळ काहीच करू नका. त्यांचं लक्ष परत भाकरीकडे, शेजाऱ्याकडे जाईल. तुम्हाला हवा होता तो चेहरा आता समोर असतो, आणि तुम्ही तो चोरून घेतलेला नसतो.

सुरकुत्या बघून धावू नका. म्हातारा चेहरा, काळी-पांढरी छटा, डोळ्यांत पाणी, असे फोटो इतके झालेत की वारी म्हणजे दुःखी म्हाताऱ्यांची रांग वाटावी. प्रत्यक्षात वारीइतकी हसरी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. पंचाहत्तरीचे आजोबा फुगडी घालतात, बायका एकमेकींना चिमटे काढत गवळणी म्हणतात. आणि रंग! भगव्या पताका, इरकली लुगडी, पाऊस आला की डोक्यावर चढणारे निळे, गुलाबी, पोपटी प्लॅस्टिकचे कागद. वारी काळी-पांढरी करून गंभीर करायचा मोह आवरा. ती मुळातच रंगीत आहे.

उजेड, पांढरे कपडे, बुक्का

आषाढातलं ढगाळ आभाळ फोटोग्राफरचा मित्र आहे. उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, भर दुपारीही काम करता येतं. अडचण वेगळीच येते, ती पांढऱ्या कपड्यांची. चौकट धोतर-सदरा-टोप्यांनी भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, मग तो सगळं काळवंडवतो आणि सावळे चेहरे अंधारात जातात. अशा वेळी उजेड थोडा वाढवा. उलट काळ्या रानातून एकटा वारकरी चाललेला असेल तर कॅमेरा मातीकडे बघून उजेड वाढवतो आणि सदरा नुसता पांढरा डाग होतो. तिथे उजेड उतरवा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट ठेवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की झालं. दोन दिवसांत हात बसतो.

पावसात भिंगावर थेंब आला की लगेच पुसा. वातानुकूलित गाडीतून उतरलात तर काचेवर बाष्प धरतं. दहा मिनिटं थांबा, ते आपोआप उडतं, पुसत बसू नका. आणि बुक्का. वारीत कोणीही प्रेमाने तुमच्या कपाळाला गंध-बुक्का लावेल, आणि त्याची काळी पूड भिंगावर येणारच. ती कापडाने घासली तर काचेवर चरे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग पुसायचं. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, तेव्हा तर कॅमेरा पिशवीत घालूनच उभं राहायचं. हळदीची ती बारीक पूड बटणांच्या फटींत शिरली की महिनोन्‌महिने निघत नाही.

रिंगण

रिंगणासाठी नवख्यांची सगळ्यात जास्त धावपळ होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर स्वार असतो, हातात जरीपटका. दुसरा माउलींचा, त्याच्यावर कोणी बसत नाही. त्या रिकाम्या पाठीवर माउली स्वार आहेत असा भाव. हे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरदारांकडून येतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तेव्हापासूनचा हा मान. गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या बायका, मग विणेकरी आणि टाळकरी, आणि शेवटी अश्व. अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात.

जागा दोन तास आधी धरा आणि चोपदार (हातात चोप म्हणजे दंड घेऊन सोहळ्याची शिस्त राखणारे) सांगतील तिथेच बसा. अश्वाच्या वाटेत एक पाऊलही टाकू नका. घोडा बिथरला तर लेकराबाळांवर जाईल. धावत्या घोड्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं जलद ठेवा. मोबाईलवर बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो निघतात. पहिली फेरी नुसती बघा, घोडा कुठल्या बाजूने येतो आणि उजेड कुठून पडतो ते कळेल. दुसऱ्या फेरीला काढा.

मग घोड्याकडे पाठ करा. बापाच्या खांद्यावरचं पोर, टाचा उंचावलेली सासू आणि तिला धरून उभी सून, हात जोडलेला हवालदार. रिकाम्या पाठीचा तो अश्व समोरून जातो तेव्हा त्या चेहऱ्यांवर जे उमटतं ते फक्त त्यांनाच दिसलेल्या स्वाराचं प्रतिबिंब असतं. माझ्याजवळ रिंगणाचे घोड्यांचे फोटो पुष्कळ आहेत, सगळे जवळपास सारखे. चेहऱ्यांचे मात्र प्रत्येक वर्षाचे वेगळे.

रिंगण संपलं की जायची घाई नको. त्यानंतर टाळमृदंगावर उडीचा खेळ होतो, शेकडो टाळकरी एका ठेक्यावर उठबस करतात. इथे शटर मुद्दाम हळू ठेवून बघा, सेकंदाचा पंधरावा किंवा तिसावा भाग. टाळ धरलेले हात धूसर होतात आणि मधला एखादा स्थिर चेहरा स्पष्ट राहतो. वीसातला एक साधेल. तसाच धावा, वेळापूरच्या अलीकडे. टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, त्या आठवणीने सगळी वारी उतारावरून पळते. तिथे तुम्हीही पळा, एका हाताने कॅमेरा छातीशी धरून. तो फोटो हलेल, आणि हललेलाच खरा असेल.

समाजआरती

संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या चारी बाजूंनी गोळा होतात, टाळमृदंग टिपेला गेलेले असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच धरतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो टाळ एकदम गप्प. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढाच एक आवाज. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तोडगा निघतो, टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचं सांगणं, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ, आणि आरती.

ही शांतता फोटोत कशी आणायची याचा मी बरीच वर्षं ध्यास घेतला होता. उंच धरलेला चोप काढला, नुसता चोपच दिसला. वरून, मंडपाच्या खांबावर चढून गर्दी काढली; ती कुठलीही गर्दी वाटली. शेवटी एका वर्षी मी हातांकडे बघायचं ठरवलं. माझ्या पुढ्यात एक टाळकरी होता, साठीचा, बोटांना चिकटपट्टी लावलेली. चोप वर गेला आणि त्याचे टाळ एकमेकांपासून दोन बोटांवर अधांतरी थांबले. त्याची दोरी किंचित हलत होती. मी बघत राहिलो. बटण दाबायचं राहून गेलं, आणि त्याची चुटपुटही लागली नाही. तळावर कुठेतरी लांब एक मूल रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

तुम्ही हातांपासून सुरुवात करा. उजेड कमी असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवा, फोटोत दाणे आले तरी येऊ द्या. फ्लॅश अजिबात नको. हरिपाठालाही हाच नियम.

काय काढायचं नाही

नदीकाठी, टँकरपाशी अंघोळ करणाऱ्या, लुगडं बदलणाऱ्या बायका. नीरा स्नानाला माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, तो सोहळा जरूर टिपा. पण त्याच वेळी आसपास अंघोळी चाललेल्या असतात, तिकडे कॅमेरा वळवू नका. 'दूरवरून काढलाय, ओळखू येत नाही' ही सबब मला मान्य नाही. उघड्यावर बसणारे, आजारी पडलेले, औषधाच्या रांगेतले, थकून रस्त्याकडेला झोपलेले. पंगतीत घास तोंडात असताना. परवानगीशिवाय ड्रोन उडवणं बेकायदेशीर आहे, आणि परवानगी असली तरी रिंगणावर त्याच्या आवाजाने घोडे बिचकतात. पंढरपुरात देवळाच्या दारात कॅमेरा आणि मोबाईल ठेवूनच आत जावं लागतं. त्या ठेवण्याचं वाईट वाटून घेऊ नका.

निवडणं आणि परत देणं

रात्री तंबूत त्याच दिवसाचे फोटो चाळत बसू नका. हवं ते मिळालं नाही असं वाटून दुसऱ्या दिवशी माणूस हावरा होतो. त्याऐवजी वही काढा. ज्यांचे फोटो काढले त्यांचं नाव, गाव, तालुका, दिंडीचा नंबर, घरच्या कोणाचा तरी फोन, आणि ते काय बोलले त्यातलं एखादं वाक्य. घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी फोटो उघडा आणि वही शेजारी ठेवा. वहीत काही लिहिलेलंच नाही असे देखणे फोटो मी बाजूला ठेवतो.

मग प्रिंट काढा. चार बाय सहाचा साधा रंगीत प्रिंट, टपालाने किंवा पुढच्या वर्षी दिंडीत हातोहात. मोबाईलवर पाठवणं सोपं आहे, पण बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना तो नातवाच्या मोबाईलमध्येच राहतो.

एका वर्षी मी परभणीकडच्या एका टाळकरीबुवांना त्यांचा फोटो दिला. माझ्या मते तो माझा सगळ्यात चांगला फोटो होता: नुसता चेहरा, कपाळावर ओला गंध, मागे सगळं धूसर. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "माझ्या शेजारी आमचा गडी होता, त्यो कुठंय?" शेजारचा माणूस मीच कापला होता, चौकट नीट बसावी म्हणून. ते दोघं बावीस वर्षं एकाच रांगेत शेजारी चालत आले होते. बुवांच्या लेखी तो फोटो अर्धाच होता. मी घरी जाऊन मूळ फोटो काढून पाहिला. शेजाऱ्याचा हात बुवांच्या खांद्यावर होता, तो मला तेव्हा आड आल्यासारखा वाटला होता. पूर्ण फोटो पाठवला. त्यानंतर कातर लावण्याआधी मी कोण बाहेर जातंय ते बघतो, आणि चौकटही आता सैल धरतो. वारीत एकट्याचा चेहरा असा फार थोडा असतो.

एकादशीनंतर

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी फोटोग्राफर सगळे निघून जातात. तुम्हाला जमलं तर पौर्णिमेपर्यंत राहा. त्या दिवशी गोपाळपूरला काला होतो, लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात घालतात, गळाभेटी होतात, आणि मग पादुका परतीच्या वाटेला लागतात. परतवारीला माणसं अगदी थोडी असतात आणि ती झपझप चालतात. तेच रस्ते, पण वाटेवर मंडप नाहीत, गर्दी नाही, दोन्ही बाजूंना नुकती उगवलेली बाजरी. जाताना ज्यांनी चहा दिला, ओसरीवर झोपू दिलं, मोबाईल चार्ज करायला बोर्ड बाहेर काढून ठेवला, ती माणसं आता आपापल्या दारात निवांत बसलेली असतात.

परतवारीत एक दिवस तरी चाला. निघण्याआधी पंढरपुरातल्या एखाद्या स्टुडिओत वाटेवरच्या गावांतल्या माणसांचे प्रिंट काढून घ्या आणि पाकिटांवर गावाचं नाव लिहा. वेळापूर आधी लागतं, मग माळशिरस, मग नातेपुते. पाकिटं त्याच क्रमाने पिशवीत ठेवा.